खाऱ्या पाण्यातील धुऱ्याचा तंटा

वर्धा जिल्ह्यातील देवळीपासून समुद्र फार दूर आहे. वर्ध्याहून मुंबईपर्यंतचा लोहमार्गच साडेसातशे किलोमीटरांहून अधिक भरतो. आणि यशोदा नदीच्या खोऱ्यातील ज्या काळ्या जमिनीवर कापूस, तूर नि सोयाबीन यांपलीकडच्या गोष्टींची सहसा चर्चा होत नाही, त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाने प्रवाळांच्या आश्रयाने विहरणारे निळे-केशरी मासे आपल्या बैठकीत पाळावेत, ही कल्पना आमच्या वडिलांच्या पिढीला केवळ असंभाव्य वाटली असती. त्या पिढीला सागरी मासे जिवंत पाहावयाचे तर मुंबईस जावे लागे. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर उघडण्यात आलेले तारापोरवाला मत्स्यालय हेच महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांना घडलेले समुद्राच्या अंतरंगाचे पहिले दर्शन होते. आता समुद्राचे मीठ पाकिटात मिळते, ते कालविण्याजोगे शुद्ध पाणी घरच्या आरओ यंत्रातून निघते, आणि प्राणवायू भरून तोंड घट्ट बांधलेल्या पिशवीतला मासा नागपूरच्या दुकानातून दोन-अडीच तासांत तालुक्याच्या गावी येऊन पोचतो. हा छंद इतक्या दूरवर आला याचा मला मनःपूर्वक आनंद आहे, कारण ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही त्याला समुद्राविषयी जिज्ञासा उत्पन्न करणारे याहून उत्तम साधन मला ठाऊक नाही.

परंतु या छंदाबरोबर एक फिर्यादही सर्वत्र ऐकू येते. मासा मारकुटा निघाला, त्याने दुसऱ्याची शेपटी कुरतडली, आणलेला नवा मासा दोन दिवसांत मेला, दुकानदाराने फसवले, अशी ती फिर्याद असते. आणि तिचा निवाडा बहुधा असा होतो की, निळा मासा दुष्ट आहे, त्याला काढून टाका. हा निवाडा मला मुळातच अन्यायाचा वाटतो. लहान पेटीतील बहुतेक मारामाऱ्या पाळणारा स्वतः, न कळत, पेटीत मासा सोडण्याच्या आधीच ठरवून टाकीत असतो. आणि त्याला वेळीच चार शब्द सांगणे ज्याचे कर्तव्य होते तो विक्रेता मौन पाळीत असतो. या प्रकरणाची कैफियत माशाच्या बाजूने मांडणारे कोणी नसल्यामुळे ती येथे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम जागेचा हिशेब पाहावा. आपल्याकडे घरोघरी दिसणारी काचपेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असते. काठोकाठ भरली तरी तीत ५६ लिटरांहून थोडेच अधिक पाणी मावते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटर उरले तरी पुष्कळ. तिच्या तळाचे क्षेत्रफळ एका चौरस मीटरच्या एक-पंचमांशाहूनही कमी भरते. आता ज्या माशांविषयी तक्रार असते ते बहुतांशी डॅम्सल कुळातले असतात: दुकानात ‘ब्ल्यू डॅम्सल’ म्हणून विकला जाणारा झगझगीत निळा मासा, काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला ‘डोमिनो’, आणि काळ्या पट्ट्यांचे त्यांचे भाईबंद. मालवणला मुखवटा लावून पाण्यात डोके घातलेल्या पर्यटकांभोवती पिवळट अंगाचे, उभ्या काळ्या पट्ट्यांचे जे मासे गर्दी करतात, तेही याच कुळातले. या कुळातील कित्येक जाती प्रवाळाच्या खडकावर आपापली हद्द आखून राहतात, आणि शेवाळ पिकविणाऱ्या जातींची ती हद्द एकेका माशामागे चौरस मीटरच्या आसपास असू शकते. तो मासा त्या तुकड्यावरचे शेवाळ अक्षरशः राखतो, नको असलेले उपटून बाहेर नेऊन टाकतो, चरावयास आलेल्या, आपल्याहून कित्येक पट मोठ्या माशाला हुसकावून लावतो, आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या हातावरही चाल करून जातो. नर आपल्या हद्दीतच मादीला अंडी घालू देतो, त्या अंड्यांवर परांनी पाणी खेळवीत राहतो, खराब झालेली वेचून काढतो आणि पिले फुटेपर्यंत जागचा हलत नाही. ज्या वृत्तीला आपण पेटीत दुष्टपणा म्हणतो ती समुद्रात त्याचे अन्न, त्याचे घर आणि त्याची संतती राखणारी वृत्ती आहे. विदर्भातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शेताचा धुरा एका हाताने सरकला तर दोन पिढ्या तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविणारी माणसे आपल्याच गावात आहेत.

फरक आहे तो एवढाच, की समुद्रात हरलेल्या माशाला पळून जाण्यास वाट असते. दुसऱ्याच्या हद्दीत चुकून शिरलेला मासा दोन धडकांत माघार घेतो, चार-पाच हात दूर जातो, आणि प्रकरण तेथेच मिटते. जिंकणारा त्याचा पाठलाग करीत नाही, कारण पाठलाग करण्यात त्याचीच हद्द उघडी पडते. काचेच्या पेटीत चार हात नाहीत. हरलेला मासा कोठेही गेला तरी तो जिंकलेल्याच्या हद्दीतच असतो; त्याची माघार जिंकणाऱ्याला माघार म्हणून दिसतच नाही, आणि म्हणून जो कलह समुद्रात क्षणार्धात संपला असता तो पेटीत रात्रंदिवस चालतो.

प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांना ही गोष्ट फार पूर्वीच ज्ञात झालेली आहे. निको टिनबर्गेन यांनी काटेपाठ्या माशांवर केलेला एक साधा प्रयोग या विषयावर मोठा प्रकाश टाकतो. एकाच पेटीत आपापली हद्द धरून बसलेले दोन नर त्यांनी दोन रुंद काचनळ्यांत वेगवेगळे घातले आणि त्या नळ्या एकत्र हलविल्या. दोन्ही नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या की पहिला काचेआडून हल्ला करू लागे आणि दुसरा पळू पाही. त्याच नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की भूमिका तत्काळ उलटत. मासे तेच, त्यांचे बळ तेच. बदलली होती ती केवळ जागा. टिनबर्गेन यांच्यासमवेत १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले कोनराड लोरेन्त्स यांनी तर आक्रमकतेवरील आपल्या १९६३ च्या ग्रंथाचा आरंभच प्रवाळमाशांपासून केला आहे. भडक रंगांचे हे मासे मुख्यत्वेकरून स्वजातीयावर तुटून पडतात आणि परक्या जातीच्या माशाला पुष्कळ अंशी सहन करतात, हे त्यांनी समुद्रात आणि पेटीत दोन्हीकडे पाहिले. एकाच जातीचे, एकाच रंगाचे मासे लहान पेटीत जोडीने नेणाऱ्याने हे वाचले असते, तर त्याचे पैसे आणि माशाचे प्राण दोन्ही वाचले असते.

आता मासे सोडण्याच्या क्रमाकडे वळतो, कारण माझ्या मते सगळ्या दुःखाचे मूळ तेथेच आहे. नव्या पेटीत पाणी भरताक्षणी ते राहण्यायोग्य होत नसते. माशाच्या उत्सर्जनातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये वस्ती करून राहावयास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या मुदतीत पाण्यातील विष सोसून जगेल असा चिवट मासा हवा म्हणून दुकानदार डॅम्सल देतो. तो स्वस्त असतो आणि सहसा मरत नाही. ही रूढी जगभर चालत आली आहे आणि ती दोन प्रकारे चुकीची आहे. एक तर जिवाणूंची वस्ती वाढविण्यासाठी जिवंत माशाला विषात ठेवण्याचे काहीच कारण नाही. चिमूटभर खाद्य किंवा मोजून घातलेला अमोनिया यांनी तेच कार्य होते, आणि ते पूर्ण झाले की नाही हे साध्या तपासणी-संचाने कळते. दुसरे असे की, ज्या माशाला हद्दीची जाणीव सर्वांत तीव्र, त्यालाच आपण सर्वांत आधी रिकाम्या पेटीचा कब्जा देतो. महिना-दीड महिना तो प्रत्येक दगड, प्रत्येक फट आणि प्रत्येक कोपरा आपला म्हणून वहिवाटीत आणतो, आणि मग आपण मोठ्या हौसेने तेथे दुसरा मासा नेऊन सोडतो.

त्यानंतर जे घडते ते माझ्या परिचयातील एका घरी मी जवळून पाहिले आहे. पिशवीतून नुकताच सोडलेला केशरी मासा अजून कोठे तरंगावे याचा अंदाज घेत होता. दगडामागून निळा मासा बाहेर आला. त्याचा रंग पाहता पाहता गडद झाला, सगळे पर ताठ उभारले गेले, आणि त्याने आपली एक बाजू पाहुण्याकडे वळवून शेपटीने पाणी असे झटकले की त्या धक्क्याने पाहुणा वीतभर मागे सरकला. ती सूचना होती. पाहुण्याला जावयास जागा असती तर तो गेला असता. मग एकामागून एक चावे सुरू झाले, आणि ते प्रत्येक वेळी शेपटीच्या मुळाशीच घेतले जात. संध्याकाळपर्यंत केशरी मासा वरच्या कोपऱ्यात, हीटर आणि काच यांच्या मधल्या फटीत, तोंड वर करून उभा होता. त्याचे कल्ले भराभर हलत होते, शेपटीच्या झिरमिळ्या झाल्या होत्या, आणि खाद्य टाकले तरी तो तेथून हलला नाही. घरातली मुले त्याला लपंडाव समजून हसत होती. पेटीत जो मासा पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात असा उभा राहतो आणि अन्नाकडे पाठ फिरवितो, तो मरणाच्या वाटेवर आहे असे निश्चित समजावे. कारण चाव्यांनी तो मेला नाही तरी भयाने खचलेल्या त्याच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उमटावयास वेळ लागत नाही, आणि एवढ्याशा पाण्यात मेलेला एक मासा वेळीच न काढल्यास अमोनिया वाढवून उरलेल्यांनाही धोक्यात घालतो.

अशी अवस्था आली असता काय करावे, याविषयी अनुभवी पाळणाऱ्यांत काही उपाय रूढ आहेत, आणि त्यांतले जे उपयोगी पडतात ते सगळेच्या सगळे कब्जा मोडण्याचे उपाय आहेत. दगडांची मांडणी संपूर्ण बदलावी, म्हणजे जुन्या रहिवाशाला स्वतःची हद्द ओळखता येत नाही आणि दोघेही काही काळ सारखेच परके होतात. नवा मासा भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात किंवा जाळीच्या पेटीत, त्याच पाण्यात पण वेगळा, चार-सहा दिवस ठेवावा. जुन्याने काचेवर धडका मारून थकावे, नव्याने निर्भयपणे खाण्यास शिकावे, आणि मग दिवे मालवून त्याला मोकळे करावे. त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे जुन्या माशालाच त्या डब्यात नजरकैदेत ठेवणे, आणि नवा रुळल्यावर सर्वांत शेवटी त्याला सोडणे. टिनबर्गेनच्या काचनळ्यांचेच हे घरगुती रूप होय. पेटीच्या बाहेरून आरसा लावण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. जुना मासा आपल्या प्रतिबिंबाशी झुंजत राहतो आणि पाहुण्याला उसंत मिळते, हे खरे आहे. परंतु ती तात्पुरती तजवीज आहे, आणि दिवसेंदिवस आरसा लावून ठेवणे हे त्या माशाला विनाकारण छळणे आहे. खाद्य एकाच ठिकाणी न टाकता दोन टोकांना टाकावे, हेही हिताचे. मात्र ५०-६० लिटरांच्या पेटीत हे सर्व उपाय करूनही डोमिनोसारखा मासा निवळेल अशी आशा मी कोणाला दाखविणार नाही. दुकानात तो नखाएवढा असतो, पुढे कित्येक पटींनी वाढतो, आणि वयाबरोबर त्याचा ताठा वाढतच जातो. त्याला मोठी पेटी द्यावी, नाहीतर एकटे ठेवावे.

आमच्या भागात या प्रश्नाला आणखी एक अंग आहे, आणि किनाऱ्यावर लिहिल्या गेलेल्या सल्ल्यांत त्याचा उल्लेख आढळत नाही. एप्रिल-मेमध्ये वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लहान पेटीचे पाणी दुपारपर्यंत तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि पाण्याची वाफ होऊन मीठ मात्र मागे राहते, म्हणून लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास असावयाची खारटता न कळत चढत जाते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लहान डॅम्सल माशांचा जो अभ्यास झाला, त्यात तापमान तीन अंशांहूनही कमी चढले असता कित्येक मासे अधिक चळवळे, अधिक धीट आणि अधिक आक्रमक झालेले दिसले. याचा अर्थ असा की, हिवाळ्यात एकमेकांना कसेबसे सोसणारे दोन मासे वैशाखात एकमेकांच्या जिवावर उठण्याचा संभव देवळीत मुंबईहून अधिक आहे. म्हणून उन्हाळ्यात झाकणाऐवजी जाळी ठेवून तिच्यावरून लहान पंखा वाहता ठेवावा, आटलेल्या पाण्याची भरती खाऱ्या पाण्याने न करता शुद्ध गोड्या पाण्याने रोज करावी, बोअरचे जड पाणी पेटीत कदापि घालू नये, आणि त्या दिवसांत नवा मासा आणूच नये. जाळी काढून टाकू नये. पाठलागाने त्रस्त झालेला मासा पाण्याबाहेर उडी घेतो आणि सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो.

मग लहान पेटीत ठेवावे तरी काय? माझे उत्तर स्पष्ट आहे: क्लाउन माशांची एक जोडी, आणि दुसरे काही नाही. २००३ च्या चित्रपटामुळे मुले ज्याला निमो म्हणतात तोच हा मासा. तोही हद्द राखणारा आहे, डॅम्सलांच्याच कुळातला आहे. परंतु त्याच्या समाजाची घडण अशी आहे की दोघांचा संसार थोड्या जागेत सुखाने होऊ शकतो. हे सर्व मासे जन्मतः नर होऊ शकतील असेच वाढतात. गटातील सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा प्रजननक्षम नर राहतो, आणि मादी मेली तर तो नर मादी होऊन त्याच्या खालचा त्याची जागा घेतो. म्हणून दोन असमान आकाराची लहान पिले एकाच दिवशी सोडली तर थोड्या कुरबुरीनंतर त्यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरते. धाकटा थोरल्यासमोर एका कुशीवर कलतो आणि सर्वांगाने थरथरतो. अनभिज्ञ माणसाला तो आजारी वाटतो, पण ती शरणागती आहे, आणि तिच्यापुढे थोरला शांत होतो. तिसरा मासा मात्र त्यांच्यात घालू नये. समुद्रात तिसऱ्या-चौथ्याला एकाच समुद्रफुलाच्या (सी अ‍ॅनिमोनच्या) कडेला जागा मिळते. ५० लिटरांत ती मिळत नाही, आणि जोडी जमल्यावर तिसऱ्याचा अंत ठरलेला असतो. जातीही पाहून घ्यावी, कारण लालसर तांबूस ‘मरून’ क्लाउनची मादी या नियमाला भीक घालीत नाही. शक्यतो हौदात पैदास केलेलेच मासे मागावेत. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांची पैदास आपल्या देशात यशस्वी करून दाखविली आहे, आणि आपल्या राज्यात ऐरोली येथेही ते कार्य चालले आहे. तेव्हा समुद्रातून पकडून आणलेल्या माशाचा आग्रह धरण्याचे आता कारण उरलेले नाही. जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि शोभेसाठी ते कोणी देऊ केले तर घेणाराही गुन्ह्यात सापडतो, हे येथे सांगून ठेवतो.

शेवटी सरकारच्या कर्तव्याविषयी. २०१७ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने मत्स्यपेट्या आणि त्यांची दुकाने यांकरिता प्राणिक्लेश प्रतिबंधक नियम काढले. गोल भांड्यात मासे ठेवण्यास मनाई, दुकानांची नोंदणी, आणि दीडशेहून अधिक जातींच्या व्यापारावर सरसकट बंदी, असा त्यांचा आवाका होता. व्यापाऱ्यांनी आणि पाळणाऱ्यांनी विरोध केला आणि काही महिन्यांतच ते मागे घेण्यात आले. बंदीची ती लांबलचक यादी अविचाराची होती याविषयी मला शंका नाही. हौदात पैदास झालेल्या क्लाउनवर बंदी घालण्यात कोणाचेच हित नव्हते. परंतु यादीबरोबर नोंदणीचे आणि माहितीचे तत्त्वही टाकून दिले गेले, हे मात्र चुकीचे झाले. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापणे ज्या देशात सक्तीचे आहे, तेथे माशाच्या पिशवीबरोबर चार ओळींचा छापील कागद देणे विक्रेत्याला जड जाण्याचे कारण नाही. त्या कागदावर माशाची जात, पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी, त्याला लागणारे किमान पाणी लिटरांत, तो स्वजातीयासह राहू शकतो की नाही, आणि तो पैदास केलेला आहे की समुद्रातून पकडलेला, एवढे लिहिलेले असावे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने हा एकच नियम करावा आणि जिल्ह्याच्या कार्यालयांमार्फत त्याची अंमलबजावणी करावी, अशी माझी मागणी आहे. तिला मोठा खर्च नाही.

नियम होईपर्यंत वाचकांनीच दुकानदाराकडे हा दाखला मागावा, आणि तो देता येत नसेल तर मासा घेऊ नये. ज्यांच्या घरी आज मारकुटा म्हणून बदनाम झालेला डॅम्सल आहे, त्यांनी त्याला यशोदेच्या किंवा वर्धेच्या पात्रात सोडू नये. गोड्या पाण्यात तो तडफडून मरेल. दुकानदार परत घेत असेल तर द्यावा, नाहीतर त्याच्या पेटीतून दुसरे मासे काढून घ्यावेत आणि त्याला तेथे एकट्यालाच राहू द्यावे. नीट राखलेल्या पाण्यात तो दहा वर्षेही जगू शकतो.